बडोदे, न्यायमंदिर–रावपुरा–मांडवी: पार्किंगसाठी सरकारी जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी का?

दांडियाबाजारकर | शनिवार, रात्री 10:20

मंडळी, आज जे झालं ते आधी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आईला (वय 82) रावपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस झालेत. दवाखान्याच्या दारात कार थांबवली तर मागून हॉर्न सुरू. आईला पायरीपाशी उतरवलं, "इथेच थांब, हलू नकोस" म्हणालो आणि जागा शोधायला निघालो. रावपुरा टॉवर, तिथून कोठी, परत जुबिली बाग, परत टॉवर. तिसऱ्या फेरीला एका बोळात कशीबशी लावली. पळत आलो तर आई शेजारच्या बंद दुकानाच्या शटरची कडी घट्ट धरून उभी. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने नीट दिसत नाही. मी समोर उभा राहिलो तरी म्हणाली, "कोण आहे?" पंचवीस मिनिटं ती तशी उभी होती.

घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे. न्यायमंदिराच्या आसपास बहुमजली पार्किंग हवी हे मी लहानपणापासून ऐकतोय. कॉर्पोरेशनच्या सभेत विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. एक, पैसा नाही. दोन, जमीन एखाद्या बिल्डरला भाडेपट्ट्याने द्या, तो खाली दुकानं काढेल, वर पार्किंग बांधेल, आपल्याला फुकटात मिळेल. आजवर मी या भानगडीत लक्ष घातलं नव्हतं. आज वाटतंय, द्या ना जमीन! ती नुसती पडून राहण्यापेक्षा बरं. तुम्हाला काय वाटतं? आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांना पत्र द्यायचा विचार आहे, म्हणून हा धागा.

हिशेबनीस | शनिवार, रात्री 11:05

आईंची काळजी घ्या. वाचून वाईट वाटलं.

मी बँकेत प्रकल्पांना कर्ज देण्याचं काम केलंय, आता निवृत्त आहे. "फुकटात" हा शब्द आला की आमच्याकडे फाईल बाजूला काढून ठेवायचे. म्हणून थोडा हिशेब मांडतो.

समजा बहुमजली इमारतीत एका कारची जागा तयार करायला 6 लाख रुपये लागले. जमिनीची किंमत मी शून्य धरतोय. मार्च 2022 मध्ये आपल्या कॉर्पोरेशनने 100 कोटींचे रोखे काढले, त्याचं व्याज 7.15 टक्के होतं. तोच दर लावला तर एका जागेचं नुसतं व्याज वर्षाला 42,900 रुपये, म्हणजे दिवसाला साधारण 118. यात वॉचमन नाही, लिफ्ट नाही, वीज नाही, मुद्दल फेडणं नाही. आता त्या जागेवर दिवसभरात तीन गाड्या लागल्या आणि प्रत्येकीचे 20 रुपये घेतले तर आले 60. वर्षाचे 365 दिवस, एकही सुट्टी न धरता.

म्हणजे पार्किंगच्या पैशावर पार्किंगची इमारत उभी राहत नाही. बिल्डरलाही हे माहीत असतं. त्याला वरचे मजले नकोत, खालची दुकानं हवीत. न्यायमंदिराच्या तोंडावरचं दुकान तीस वर्षं वापरायला मिळालं तर पार्किंगचा खर्च त्याच्यासाठी त्या दुकानाचं भाडं आहे. तर प्रश्न असा की ते भाडं आपल्याला बरोबर मिळतंय की कमी मिळतंय. सभेत चर्चा व्हायला हवी ती यावर.

रावपुरा_साडीवाला | रविवार, सकाळी 9:12

हिशेबनीस काका, तुमचा हिशेब कागदावर बरोबर असेल. माझा गल्ल्यावरचा ऐका.

आमचं दुकान आजोबांपासूनचं. लग्नसराईत मांजलपूर, वाघोडिया रोड, न्यू समा इकडून मराठी कुटुंबं यायची, नऊवारी घ्यायची तर रावपुऱ्यातच, असं होतं. आता फोन येतो, "दादा, गाडी कुठे लावू?" मी काय सांगणार? पाच मिनिटांनी परत फोन, "आम्ही दोन चक्कर मारल्या, क्रेनवाल्यांची भीती वाटते, पुढच्या वेळी येतो." पुढच्या वेळी येत नाहीत. तळघरात पार्किंग असलेल्या मोठ्या दुकानात जातात. मागच्या महिन्यात एका मुलीच्या आईने मला साड्यांचे फोटो पाठवायला सांगितलं आणि निवडून कुरिअर करायला लावलं, घर चार किलोमीटरवर! साडी हातात घेऊन, पदर उलगडून बघायची गोष्ट आहे.

आम्ही वेरा (कर) भरतो, दरवर्षी भरतो. त्यातून पार्किंग करा नाहीतर भाडेपट्ट्याने करा, पण करा.

निवृत्त_वकील_बडोदे | रविवार, दुपारी 12:40

माझी अर्धी हयात न्यायमंदिरात गेली. 1896 ची इमारत, वास्तुविशारद चिजम साहेबांनी बांधलेली, मधल्या दालनात चिमणाबाई महाराणींचा पुतळा. मुळात ती मंडईसाठी बांधली होती, मग तिचं न्यायालय झालं. कोर्ट दिवाळीपुऱ्यात गेलं तेव्हा आम्हा वकिलांना वाटलं होतं की आमच्या शेकडो स्कूटर गेल्या, आता आवार मोकळं होईल. महिन्याभरात ती जागा दुसऱ्यांच्या गाड्यांनी भरली. जागा मोकळी करून गर्दी संपत नाही, हे मी तिथेच शिकलो.

आता कायद्याचं. आपलं कॉर्पोरेशन 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमावर चालतं. मूळ कायदा मुंबई प्रांताचा, आता गुजरातच्या नावाने. त्याचं कलम 79 मालमत्तेच्या विल्हेवाटीचं. आयुक्तांना स्वतःच्या सहीने फार थोड्या मुदतीचं भाडं देता येतं. त्यापुढे स्थायी समितीची मंजुरी आणि तीस-तीस वर्षांची गोष्ट असेल तर सभेचीच मंजुरी लागते. आणि त्याच कलमात स्पष्ट आहे की विक्री असो वा भाडेपट्टा, मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये.

म्हणजे हिशेबनीसांनी जो प्रश्न विचारला तो कायद्यानेच विचारलेला आहे. दरखास्तीसोबत (सभेपुढच्या प्रस्तावासोबत) जमिनीचं मूल्यांकन जोडलेलं आहे का, कुणी केलं, कोणत्या तारखेचं, हे विचारायचा आपल्या 76 नगरसेवकांना पूर्ण अधिकार आहे. विचारतात किती, ते अजेंडा वाचणाऱ्याला समजतं. कितीतरी वेळा दरखास्त सभेच्या आदल्या दिवशी हातात पडते. पन्नास-साठ पानं. मी वकील असून मला ती एका रात्रीत समजणार नाहीत.

पोळवासी | रविवार, दुपारी 3:30

मी मांडवीजवळच्या एका पोळीत (पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची अरुंद गल्ली) राहते. आमच्याकडे कार नाही, माझी अॅक्टिव्हा आहे. या धाग्यात आतापर्यंत सगळे कारवालेच बोलले, म्हणून लिहितेय.

माझं माहेरचं घर खाली एक खोली, वर एक खोली. दोन्ही मिळून अडीचशे चौरस फूट असेल. त्यात आम्ही सहा जण वाढलो. एका कारला पार्किंगमध्ये किती जागा लागते?

आणि रात्रीचं सांगते. दिवसा गिऱ्हाइकांच्या गाड्या, रात्री राहणाऱ्यांच्या. पोळीच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं, 108 आली ती तोंडाशीच अडली. शेजारच्या मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून बाहेर नेलं. मी मागून ऑक्सिजनची नळी धरून चालत होते आणि मुलं गाड्यांच्या आरशांना खुर्ची लागू नये म्हणून तिरपी करत होती. ते वाचले. पण ती गाडी कुणाची होती हे अजून माहीत नाही.

बहुमजली इमारत बांधली तर ही गाडी तिथे जाईल का? रस्त्यावर फुकट आणि इमारतीत पैसे, तर कोण जाईल?

आराखडा | रविवार, संध्याकाळी 6:15

@पोळवासी, तुमचा शेवटचा प्रश्न हाच सगळ्याचा गाभा आहे. मी सयाजीराव विद्यापीठात नगररचना शिकलो, आता त्याच कामात आहे.

आधी जागेचं उत्तर. कारचा चौकोन 2.5 बाय 5 मीटर धरतात. पण गाडी आत घ्यायला, वळवायला जागा लागते. ती धरून उघड्या मैदानात एका कारमागे साधारण 23 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ अडीचशे चौरस फूट. तुमचं माहेरचं घर. बहुमजलीत रॅम्प आणि खांब आले की 30 चौरस मीटरच्या वर जातं. आणि कारच्या त्या एका चौकोनात पाच-सहा दुचाक्या मावतात. आपल्या जुन्या शहरात येणारे बहुतेक लोक दुचाकीवर येतात हे कुणीही लहरीपुरा दरवाजापाशी दहा मिनिटं उभं राहून बघावं. तरी पार्किंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारच येते.

दुसरं. अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, 2025 मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली. रस्त्याकडेच्या जागेचं शुल्क इतकं ठेवा की दर सात-आठ जागांमागे एक कायम मोकळी राहील. शुल्क कमी असेल तर लोक फेऱ्या मारत राहतात आणि त्या फेऱ्यांचीच गर्दी होते. दांडियाबाजारकर, तुम्ही त्या पंचवीस मिनिटांत रावपुऱ्याच्या गर्दीत एका गाडीची भर घातली, तुमची काहीच चूक नसताना. आपल्या देशाच्या 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही लिहिलंय की पार्किंगचं शुल्क जमिनीच्या खऱ्या किमतीला धरून असावं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. रस्ता फुकट ठेवून इमारत बांधली की इमारत रिकामी आणि रस्ता भरलेला राहतो. आधी रस्त्याला वेळेची मर्यादा आणि शुल्क. मग दिसेल की इमारत लागते का, लागली तर किती मजल्यांची. जमीन त्याआधी देऊन बसलो तर नंतर कळून उपयोग नाही.

माहेर_पुणे | रविवार, रात्री 8:50

मी लग्न होऊन बडोद्याला आले त्याला अकरा वर्षं झाली. पुण्याचं सांगते. मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन ही दोन वाहनतळं आहेत. तुळशीबागेत जायचं तर बाबा गाडी तिथेच लावायचे. तरीही बाहेर लक्ष्मी रोडला गाड्यांची रांग असायचीच. 2018 मध्ये तिथल्या महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण मंजूर केलं, पण विरोध इतका झाला की सुरुवात फक्त पाच रस्त्यांपुरती ठरली, आणि तीही अडकून पडली. बाबा स्वतः विरोधाच्या सह्यांमध्ये होते. आज त्यांना गुडघ्यांमुळे लांब चालवत नाही, तर जागा मिळत नाही म्हणून तुळशीबागेत जातच नाहीत. परवा फोनवर म्हणाले, "तेव्हा सही केली नसती तर बरं झालं असतं."

रावपुरा_साडीवाला | सोमवार, सकाळी 9:40

रस्त्यावर पैसे घ्यायचे म्हणजे आमच्या उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाला हाकलणं. आराखडाभाऊ, राग मानू नका, पण हे पुस्तकात वाचायला ठीक आहे. मॉलमध्ये गेलं तर फुकट, आमच्याकडे आलं तर पैसे? आणि बिल्डरचं म्हणाल तर तो दुकानं काढेल त्यात आमचंच नुकसान, नवीन दुकानं आमच्या उरावर. तरीही मी हो म्हणतोय, कारण गाडी लावायला जागा मिळेल.

जांभळी | सोमवार, सकाळी 11:20

मला हे लिहायला जड जातंय. पण "जमीन द्या, फुकटात मिळेल" हे वाचल्यापासून राहवत नाही.

हरणीचा तलाव आठवा. तलाव आणि त्याचा काठ 2017 मध्ये कॉर्पोरेशनने खाजगी कंत्राटाने दिला, तीस वर्षांसाठी. विकास होईल, आपला खर्च वाचेल, हेच तेव्हा म्हटलं गेलं. 18 जानेवारी 2024 ला सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवलेले. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. मी शिक्षिका आहे. त्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं जानेवारीच्या सहलीचे पैसे आणून देत होती. मी संध्याकाळी सगळ्यांना परत केले.

मला जमीन भाड्याने देण्याबद्दल एवढंच विचारायचं आहे. सह्या झाल्यावर बघायला कोण जातं? दर महिन्याला जातं का? त्याचा कागद कुठे असतो? पार्किंगच्या इमारतीत लिफ्ट असते, रॅम्प असतो, आगीची व्यवस्था असते. पट्टा देताना पहिल्या पानावर हे नसेल तर माझा विरोध आहे.

निवृत्त_वकील_बडोदे | सोमवार, दुपारी 1:05

जांभळीताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हरणीनंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा मुद्दा नेमका हाच होता, काम दिल्यावर कॉर्पोरेशनची जबाबदारी संपत नाही. भाडेपट्टा म्हणजे जमीन आपलीच राहते, ताबा तेवढा जातो. मालक म्हणून पाहणीचा सर्वसाधारण हक्क कायद्याने असतो, पण नुसत्या तेवढ्यावर भागत नाही. करारात तपासणीचा दिवस, तपासणाऱ्याचं पद आणि त्रुटी आढळली तर किती दिवसांत काय, हे आकड्यांत लिहावं लागतं. "वेळोवेळी तपासणी करण्यात येईल" या वाक्याला कोर्टात फारशी किंमत नसते.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी 4:30

तीस वर्षं म्हणजे किती हे समजायला शिकागोचं उदाहरण द्यायचं होतं.

डिसेंबर 2008. शिकागो शहराला अंदाजपत्रकात तूट. त्यांनी रस्त्यावरची पार्किंगची 36,000 च्या आसपास मीटर (पैसे घेणारी यंत्रं) एका खाजगी कंपनीला 75 वर्षांसाठी दिली, एकरकमी सुमारे 115 कोटी डॉलरला. नगरसभेसमोर करार आला आणि अवघ्या काही दिवसांत 40 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या स्वतःच्या महानिरीक्षकांनी हिशेब काढला की शहराला सुमारे 97 कोटी डॉलर कमी मिळाले. दर लगेच वाढले. आलेली रक्कम बहुतेक दोन-तीन वर्षांत तूट भरण्यात संपली. करार 2083 पर्यंत आहे. तिथे आज जन्मणारं मूल म्हातारपणी मोकळं होईल.

त्यातली आपल्याला लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. शहराने दुरुस्तीसाठी किंवा उत्सवासाठी एखादा रस्ता बंद केला, मीटरच्या जागा बंद झाल्या, तर त्या दिवसांची भरपाई शहराने कंपनीला द्यायची. आता आपल्याकडे बघा. आषाढीला विठ्ठलाचा वरघोडा (मिरवणूक), तुळशीच्या लग्नाला नरसिंहजींचा वरघोडा, महाशिवरात्रीला सुरसागरला शिवजींची सवारी, गणपती, नवरात्र. मांडवी-न्यायमंदिर रस्ते वर्षातले किती दिवस बंद असतात! असं एखादं कलम करारात कोणी घातलं आणि आपण वाचलं नाही, तर देवाच्या मिरवणुकीसाठी आपण ठेकेदाराला पैसे मोजणार.

कॉर्पोरेशनला पैसा हवा आहे हे खरं. 2007 मध्ये जकात गेल्यापासून हातात रोज येणारा स्वतःचा पैसा गेला, राज्याच्या अनुदानावर अवलंबून राहावं लागतं. म्हणूनच जमीन विकून किंवा देऊन रोकड करायचा मोह होतो. मोह समजतो मला. पण जमीन एकदाच देता येते.

आराखडा | सोमवार, संध्याकाळी 7:00

पैसा कुठून, याचं एक उत्तर कुणीच काढलं नाही. इम्पॅक्ट फी. बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करायचा कायदा 2011 मध्ये आला, 2022 मध्ये पुन्हा आला. त्यात पार्किंग न ठेवलेल्या इमारतीही येतात. तळघरात पार्किंग दाखवून दुकानं काढलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्या दंडाची रक्कम वेगळ्या निधीत ठेवायची आणि त्यातून पायाभूत सुविधा, अग्निसुरक्षा, स्वतंत्र पार्किंग अशी कामं करायची, असं त्या कायद्यातच आहे. मग जुन्या शहरातून ही फी किती जमली आणि त्यातली किती जुन्या शहरात पार्किंगवर खर्च झाली, हा साधा प्रश्न आहे. माहितीच्या अधिकारात विचारायला 20 रुपये लागतात.

आणि तळमजल्याखाली खणायची कल्पना कुणी मांडली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मांडवीच्या खांबांना पडलेले तडे आपण बघितलेत, इतक्या जुन्या इमारतींच्या शेजारी खोल खड्डा ही साधी गोष्ट नाही. आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा फतेगंज, समा, अकोट्याकडे तळघरांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या.

पोळवासी | सोमवार, रात्री 9:15

अजून एक राहिलंय. रस्ता मोकळा करायचा म्हटलं की पहिल्यांदा लारीवाल्यांना (हातगाडीवाल्यांना) उठवतात. आमच्या पोळीच्या तोंडाशी एक मावशी भाजीची पथारी लावतात, सकाळी सात ते अकरा. पांढऱ्या गोणीवर मेथी, पालक, कोवळी वांगी, बाजूला पितळी मापाऐवजी आता छोटा इलेक्ट्रिक काटा. त्यांची पथारी मोजली तर दीड मीटर बाय एक. म्हणजे एका अॅक्टिव्हाएवढी. त्या चार तासांत अख्ख्या पोळीची भाजी होते. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा त्यांच्या बाजूने आहे. कारच्या जागेसाठी त्यांना हलवायचं असेल तर त्या पत्रावर माझी सही धरू नका.

दांडियाबाजारकर | सोमवार, रात्री 10:45

सगळ्यांचं दोनदा वाचलं. शनिवारी मी "द्या ना जमीन" म्हणालो होतो. ते मागे घेतो.

एक विनंती आहे, साडीवालेदादांना. उद्या दुकानासमोरच्या पट्ट्यात कुठली गाडी किती वेळ थांबते एवढं बघाल का? मीही डॉक्टरांच्या गल्लीत बघतो. नगरसेवकांसमोर आपण डोळ्यांनी पाहिलेलं बोलू.

रावपुरा_साडीवाला | मंगळवार, रात्री 9:55

बघितलं. भाच्याला वही देऊन ओट्यावर बसवलं, अकरा ते दोन आणि पाच ते आठ.

मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहितो. दुकानासमोरच्या पट्ट्यात सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या कार हलल्याच नाहीत त्यात पहिली माझी. दुसरी माझ्या भावाची. तिसरी समोरच्या भांडीवाल्यांची, चौथी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसची. गिऱ्हाइकाची कार शोधायला गेलो तर एक सापडली, ती अर्ध्या तासात गेली आणि तिच्या जागी आमच्याच ओळीतल्या दुसऱ्या दुकानदाराने त्याची लावली. भाच्याच्या वहीत माझ्या गाडीच्या पुढे साडेदहा ते नऊ असं लिहिलंय. त्याच जागेत एकेक तास थांबणारी दहा कुटुंबं येऊन गेली असती.

आम्ही चौघं दुकानदार रात्री बसलो. ठरलंय ते असं. आम्ही आमच्या कार जुबिली बागेपलीकडे लावू, चालत येऊ, महिनाभर करून बघू. बाकीच्यांना सांगू. आणि रस्त्यावर शुल्क घ्यायचं असेल तर माझी हरकत नाही, दोन अटींवर: पहिला अर्धा तास फुकट आणि वसुलीचा ठेका दिला तरी पावती मशीनची. हाताने फाडलेली पावती नको, त्यात दर कुणीही बदलतो.

माहेर_पुणे | मंगळवार, रात्री 10:10

दादा, तुमची ही पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावली.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी 8:20

साडीवाले, मोठं मन लागतं हे करायला.

पत्रात अजून एक घालावं. शुल्कातून येणारी रक्कम मोठ्या अंदाजपत्रकात मिसळली तर ती कुठे गेली ते कळणार नाही. त्याच रस्त्याच्या फुटपाथवर, दिव्यांवर, वृद्धांसाठी उतरायच्या जागेवर खर्च व्हावी आणि दर तीन महिन्यांनी आकडा वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागावा. आपले पैसे आपल्या दारात दिसले की लोक देतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

निवृत्त_वकील_बडोदे | बुधवार, दुपारी 12:15

पत्र मी गुजरातीत लिहून देतो, सभेत वाचलं जायचं तर गुजरातीतच हवं. मराठी प्रत आपल्यासाठी. मुद्दे असे घेतो: जुन्या शहरातली कुठलीही सरकारी जमीन पार्किंगच्या नावाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्याआधी सहा महिने रस्त्यावर वेळमर्यादा आणि शुल्क लावून बघावं. त्यानंतरही जमीन द्यायची वेळ आली तर मूल्यांकनासकट दरखास्त सभेच्या किमान पंधरा दिवस आधी लोकांसमोर ठेवावी. मुदत दहा वर्षांहून जास्त नको. मिरवणुकीच्या किंवा दुरुस्तीच्या दिवसांची भरपाई कॉर्पोरेशन देणार नाही. तपासणी महिन्याला, अहवाल जाहीर. इम्पॅक्ट फीचा हिशेब द्यावा. पथारीवाल्यांना कायद्याप्रमाणे जागा. आणि पोळींच्या तोंडाशी लाल पट्टा, 108 साठी.

जांभळीताई, तपासणीचा परिच्छेद तुम्ही एकदा वाचून बघाल का?

जांभळी | बुधवार, दुपारी 2:40

हो. आणि "लिफ्ट व अग्निशमन" हे शब्द वेगळ्या ओळीत घ्या, परिच्छेदाच्या पोटात नको.

दांडियाबाजारकर | बुधवार, रात्री 9:30

वकीलकाका, मनापासून आभार. एक ओळ माझी घाला: प्रत्येक दवाखान्यासमोर दोन गाड्यांएवढी जागा फक्त उतरवण्यासाठी, पाच मिनिटांची. त्यासाठी ना इमारत लागते, ना पट्टा, ना रोखे. पांढरा रंग आणि एक पाटी.

आईची पुढची तपासणी उद्या आहे, रिक्षाने नेतोय. रिक्षावाला दारात थांबून तिला पायरीपर्यंत सोडतो असं म्हणालाय. येताना वॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाकून येतो.

सह्यांसाठी शनिवारी सकाळी 8 वाजता जुबिली बागेच्या फाटकाशी भेटू. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी इथे वॉर्ड नंबर लिहा, मी घरी येऊन सही घेईन. दोन मजले चढावे लागले तरी चालेल.

पोळवासी | बुधवार, रात्री 9:48

मी येते. भाजीवाल्या मावशींनाही घेऊन येते, त्या आठला पथारी भाच्यावर सोपवतील. आणि सासरे म्हणतायत, त्यांनाही यायचंय.